फिल्टर रोज झटकता, तरी ट्रॅक्टरचं इंजिन धूळ का खातं?

ऑक्टोबर महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा. जिंतूर असो, सेलू, मानवत किंवा पालम, शेतात सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात आणि एखाद्या सुडीभोवती पिवळट धुरळ्याचा ढग उठलेला असतो. त्या ढगात एक थ्रेशर, थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टर आणि नाकातोंडाला रुमाल बांधलेली चार-पाच माणसं. माणसांनी रुमाल बांधलाय, पण ट्रॅक्टरसुद्धा तीच हवा ओढतोय. आणि माणसाच्या कितीतरी पट जास्त ओढतोय.

मग दिवाळीनंतर गॅरेजसमोर ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. तक्रारी ठरलेल्या. इंजिन ऑइल खातंय, सकाळी सुरू व्हायला त्रास देतंय, ब्रीदरमधून धूर मारतंय, नांगराला लावलं की दम सोडतंय. मेकॅनिक हेड उघडतो, लायनरवर बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘धूळ खाल्लीय.’ मालक म्हणतो, ‘असं कसं? ड्रायव्हर रोज फिल्टर काढून झटकत होता की.’

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. धूळ आत जाते ती बहुतेक वेळा फिल्टरमधून जात नाही, फिल्टरच्या बाजूने जाते. आणि रोज फिल्टर काढून झटकणं हा तिला वाट करून द्यायचा एक नामी मार्ग आहे.

ट्रॅक्टर किती हवा ओढतो?

गणित सोपं आहे. आपल्याकडे ४०-४५ एचपीचे ट्रॅक्टर भरपूर दिसतात. त्यातलं तीन सिलेंडरचं इंजिन साधारण २,७०० सीसीचं धरू, म्हणजे २.७ लिटरचं. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. मिनिटाला २,००० फेरे म्हणजे १,००० श्वास, म्हणजे २,७०० लिटर हवा. सिलेंडर प्रत्येक वेळी काठोकाठ भरत नाही, म्हणून थोडी वजा करा. तरी मिनिटाला २,३०० लिटरच्या आसपास हवा जाते. तासाला जवळपास १ लाख ३५ हजार लिटर, म्हणजे १३५ घनमीटर. आठ तासांच्या पाळीत हजार घनमीटरच्या वर.

आता या हवेत धूळ किती? एअर फिल्टरची प्रयोगशाळेत चाचणी घेताना दर घनमीटर हवेत साधारण १ ग्रॅम धूळ सोडतात. त्या प्रमाणात समोरचं काही दिसेनासं होतं. थ्रेशरशेजारी वारा उलटा फिरला की जसं होतं, साधारण तसं. अशी हवा दिवसभर ओढली तर एका पाळीत किलोभर धूळ झाली. पण दिवसभर सलग इतका धुरळा नसतो, म्हणून आपण चौथा हिस्सा धरू. दिवसाला पाव किलो. महिनाभर मळणी चालली तर साडेसात किलो.

ही साडेसात किलो माती इंजिनच्या तोंडाशी येते. आत किती जाते, हे एअर क्लीनरवर ठरतं.

काळी माती तर मऊ असते ना?

हा प्रश्न रास्त आहे. आपली काळी माती हातात घेतली तर लोण्यासारखी लागते. लोखंडाला ती काय घासणार?

काळ्या मातीतला चिकणमातीचा भाग खरंच मऊ आणि अतिबारीक असतो. पण माती म्हणजे फक्त चिकणमाती नाही. ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, बेसॉल्टपासून तयार झाली. या खडकातली खनिजं कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर पाच ते सहाच्या घरात येतात. त्यात भर गारगोटीची. मराठवाड्याच्या शेतांत आणि नदीपात्रांत पांढऱ्या, दुधी, कधी तांबूस गारगोट्या सापडतात. लहानपणी त्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडलेल्या असतील, त्याच. त्यांचा कठीणपणा सातच्या आसपास. इंजिनचं लायनर ज्या बिडाचं असतं ते यापेक्षा मऊ. साधा चाकूसुद्धा साडेपाचच्या आसपास असतो.

रोटावेटर हे सगळं दळतो. उन्हाळ्यात ढेकळं फोडताना मागे जो फुफाटा उडतो, त्यात मऊ चिकणमातीबरोबर हे कठीण कणही पिठासारखे होऊन उडतात. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठच्या शेतांत वाळूचा अंश अजून जास्त.

आत गेल्यावर काय होतं ते मेकॅनिकला एका शब्दात कळतं: ग्राइंडिंग पेस्ट. व्हॉल्व्ह बसवताना ज्या पेस्टने घासतात, तीच. लायनरवर ऑइलचा पातळ थर असतो. त्यात धूळ मिसळली की तशीच पेस्ट तयार होते, आणि रिंगा मिनिटाला हजारो वेळा ती लायनरवर वरखाली घासतात. रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन जातं. मग जळलेले वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात आणि ब्रीदरमधून धूर येतो. उरलेली धूळ ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते. ट्रॅक्टरला टर्बो असेल तर त्याआधी टर्बोच्या पात्यांची बारी. ती मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतात, त्यामुळे बारीक कणसुद्धा तिथे छर्ऱ्यासारखा आदळतो.

सगळ्यात वाईट कण कोणते? तर डोळ्याला न दिसणारे. इंजिनच्या भागांमधल्या ऑइलच्या थराची जाडी काही मायक्रॉनच असते, म्हणून साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वात जास्त झीज करतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्याला ४०च्या खालचं काही दिसत नाही. त्यामुळे ‘पाइपमध्ये बघितलं, स्वच्छ होता’ या वाक्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

ही डोकेदुखी किती जुनी आहे?

ट्रॅक्टरइतकीच जुनी. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना एअर क्लीनर नावाचा प्रकारच धड नव्हता. १९१५ साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन हा तरुण बुल ट्रॅक्टर कंपनीसाठी विक्रीचं काम करायचा. युटा राज्यातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सारखा बंद पडत होता. डोनाल्डसनच्या लक्षात आलं की इंजिन धूळ ओढून झिजतंय. त्याने तारेचा पिंजरा केला, त्यावर कापड गुंडाळलं आणि तो उंच पाइपावर बसवला. पुढे त्याच नावाची कंपनी उभी राहिली. आज जगभरातल्या यंत्रांना फिल्टर पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत तिचं नाव आहे.

त्या जुगाडात दोन गोष्टी होत्या, उंची आणि गाळणी. जड धूळ जमिनीलगत जास्त असते, म्हणून आजही हवा ओढायचं तोंड शक्य तितकं वर ठेवतात. हार्वेस्टरचं तोंड बघा, पार डोक्यावर असतं.

गंमत म्हणजे जगभरात फिल्टर तपासायला जी प्रमाणित धूळ वापरतात, ती मूळची अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना वाळवंटातली. कंपनीने पुस्तिकेत छापलेला कार्यक्षमतेचा आकडा त्या धुळीवरचा असतो. सोयाबीनच्या गुळीवरचा नाही. गुळीचा भुसा आणि शेंगांवरची लव हलकी आणि लांबट असते. ती फिल्टरच्या घड्यांवर गादीसारखी बसते आणि नांगरणीच्या धुळीपेक्षा लवकर फिल्टर कोंडते.

तुमच्या ट्रॅक्टरला कोणता क्लीनर आहे?

इथूनच सगळे सल्ले दोन दिशांना जातात. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत, आणि मग एकाचा सल्ला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावला जातो.

जुन्या आणि आजही विकल्या जाणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांना ऑइल बाथ असतो. खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलावर आपटते आणि एकदम उलटी वर वळते. हवेला वळता येतं, जड कणाला नाही. तो सरळ तेलात जातो. हवेबरोबर उडालेले तेलाचे थेंब वरच्या जाळीला चिकटतात, उरलेली धूळ तिथे अडकते आणि तेलाबरोबर पुन्हा खाली ठिबकते. फार सुंदर युक्ती आहे, कागद नाही, बदलायचं काही नाही. पण तिची मर्यादाही याच युक्तीत आहे. कण तेलात फेकला जाण्यासाठी हवेला वेग लागतो. इंजिन हळू चाललं की वेग कमी आणि पकडही कमी. ऑइल बाथ साधारण ९५ ते ९८ टक्के धूळ पकडतो.

दुसरा प्रकार कागदाचा, म्हणजे ड्राय फिल्टर. बाहेर मोठा एलिमेंट, त्याच्या आत लहान सेफ्टी एलिमेंट. चांगला, नीट बसलेला ड्राय फिल्टर ९९.९ टक्के किंवा जास्त धूळ अडवतो.

९७ आणि ९९.९ ऐकायला सारखेच वाटतात. पण वरच्या साडेसात किलोला लावून बघा. ९७ टक्केवाल्यातून महिन्यात २२५ ग्रॅम आत गेली. ९९.९वाल्यातून साडेसात ग्रॅम. तीसपट फरक.

मग ऑइल बाथचे ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं कसे टिकले? एक तर वर्षभर मळणीसारखा धुरळा नसतो. दुसरं, ऑइल बाथमधून जे निसटतं ते बहुतांश सर्वात बारीक, म्हणजे तुलनेने कमी घातक कण असतात. मोठे, ओरखडे पाडणारे कण तो पकडतो.

आता समजा ड्राय फिल्टर एक नंबर आहे, पण त्याच्या पुढच्या रबरी पाइपाचा क्लॅम्प ढिला आहे आणि त्या फटीतून फक्त दोन टक्के हवा जाते. तेवढ्या हवेला कुठलीच गाळणी नाही. साडेसात किलोच्या हिशेबाने दीडशे ग्रॅम धूळ आत, तीही सगळ्या मापाची, गारगोटीच्या कणांसकट. म्हणजे भारीतला फिल्टर लावूनही हा ट्रॅक्टर जुन्या ऑइल बाथवाल्यापेक्षा जास्त झिजू शकतो.

धूळ शिरते कुठून?

फिल्टर ते इंजिन हा जो पट्टा आहे, तिथून. याला साफ बाजू म्हणू. इंजिन चालू असताना या पट्ट्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून कुठेही फट असली की बाहेरची हवा स्वतःहून आत खेचली जाते. पाण्याच्या पाइपाला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं आणि आपल्याला दिसतं. इथे उलटं आहे, काहीच बाहेर येत नाही. म्हणून कळत नाही.

सर्वात मोठा गुन्हेगार रबरी होज. परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर असतो, त्यात बॉनेटखाली रेडिएटर आणि इंजिनची धग. रबर कडक होतं, घडीच्या जागी तडकतं. वरून बघितलं तर होज चांगला दिसतो. वाकवून, खालच्या बाजूने बघितल्याशिवाय चीर सापडत नाही. मग क्लॅम्प. मूळचा हरवला की तारेने आवळलेले होज किती ट्रॅक्टरांवर दिसतात बघा. तार दोन ठिकाणी दाबते आणि मधे फट ठेवते. मग मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि ऑइल बाथच्या वाटीवरचं रबरी सील. वाटी बसते, क्लिप लागते, पण सील चपटं झालेलं असतं.

शोधायचं कसं? एक जुनी युक्ती आहे. होज काढायचा, इंजिनकडच्या पाइपात आतून बोटभर ग्रीसचा पातळ थर लावायचा आणि होज परत बसवून दिवसभर काम करायचं. संध्याकाळी उघडून बघायचं. ग्रीसवर धूळ चिकटलेली असेल, बोटाने चोळल्यावर खरखर लागत असेल, तर हवा कुठूनतरी चोरून येतेय. स्वच्छ असेल तर निर्धास्त.

टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांवर मेकॅनिक अजून एक तपासणी करतात. इंजिन स्लोवर ठेवून हवा ओढायच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरतात. सगळं घट्ट असेल तर इंजिन घुसमटून बंद पडतं. चालूच राहिलं तर फट आहे. हे जाणकाराकडूनच करून घ्या, आणि टर्बोच्या इंजिनवर अजिबात करू नका.

झटकण्यात एवढं वाईट काय आहे?

ड्राय फिल्टरबद्दलची ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा चांगलं गाळतो. कागदाच्या छिद्रांवर धुळीचा थर बसला की तो थरच गाळणीचं काम करायला लागतो. घरातली चहाची गाळणी आठवा, चोथा साचला की चहा हळू गळतो, पण जास्त स्वच्छ गळतो. फिल्टर पार कोंडून इंजिनला हवा कमी पडेपर्यंत त्याला हात लावायची गरज नसते.

कोंडला हे कळणार कसं? नव्या ट्रॅक्टरांत डॅशबोर्डवर दिवा लागतो किंवा एअर क्लीनरवरच एक छोटा इंडिकेटर असतो, तो लाल होतो. ते झालं की साफ करायचं. इंडिकेटर नसेल तर मॅन्युअलमधले तास पाळायचे आणि धुरळ्याच्या कामात ते निम्म्यावर आणायचे. पण ‘रोज संध्याकाळी काढायचा, मागच्या टायरवर चार वेळा आपटायचा’ ही पद्धत फिल्टरचा जीव घेते. आपटल्याने पत्र्याची कड वाकते. कड वाकली की रबरी सील नीट टेकत नाही. शिवाय प्रत्येक वेळी फिल्टर काढताना डब्यातली सुटी धूळ साफ बाजूला सांडण्याची संधी मिळते, तेही शेतात, वारा चालू असताना.

कॉम्प्रेसरचंही तसंच. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टायरसाठी असतो, तिथला दाब कागदाला सोसत नाही. मॅन्युअलमध्ये दाबाची मर्यादा दिलेली असते, बऱ्याच ठिकाणी ती २ किलोच्या, म्हणजे ३० पीएसआयच्या आसपास असते. हवा आतून बाहेर मारायची, नळी कागदापासून लांब धरून. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. मग अंधारात फिल्टरच्या आत दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च धरायचा. कुठे ठिपक्यासारखा उजेड दिसला तर तो फिल्टर गेला. तो ‘सध्यापुरता’ परत लावायचा नाही.

आतला छोटा सेफ्टी एलिमेंट साफ करायचाच नसतो. ना हवा मारून, ना धुऊन. तो फक्त बदलायचा, साधारणपणे बाहेरचा तीनदा बदलला की एकदा. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवायला तो बसवलेला असतो. त्यावर धूळ दिसली म्हणजेच बाहेरच्यात भानगड आहे. काही जण ‘एकावर एक दोन कशाला, पॉवर कमी होते’ म्हणून तो काढून ठेवतात. याला शहाणपणा म्हणता येत नाही.

पाण्याने धुणं? काही एलिमेंट धुता येतात, तसं कंपनीने लिहिलेलं असेल तरच. ओला फिल्टर कधीही लावायचा नाही. भिजलेला कागद ओढीने फाटतो.

रोज करायची खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती दहा सेकंदांची आहे. ड्राय क्लीनरच्या डब्याखाली रबराची एक चपटी चोच लोंबत असते, डस्ट व्हॉल्व्ह. ती दाबली की साचलेली धूळ खाली पडते. अनेक ट्रॅक्टरांवर ती तुटून गेलेली असते आणि कुणाला पत्ताही नसतो. ती नसली की डब्यातली धूळ बाहेर पडण्याऐवजी खालूनच आणखी धूळ वर ओढली जाते.

ऑइल बाथला मात्र रोज उघडावंच लागतं

इथे नियम उलटा. धुरळ्याच्या दिवसांत वाटी रोज बघायची, थ्रेशरवर दिवसरात्र काम असेल तर पाळी बदलताना. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबायचं, म्हणजे जाळीतलं तेल खाली उतरतं. तळाला गाळ जमला असेल, तेल चिखलासारखं घट्ट झालं असेल तर बदलायचं. घट्ट तेल उडत नाही, आणि तेल उडालं नाही तर जाळी कोरडी राहते. वाटी डिझेलने धुवायची, कोरडी पुसायची, खुणेपर्यंत तेल भरायचं. जाळीही अधूनमधून डिझेलमध्ये खंगाळून, पूर्ण निथळू द्यायची. डिझेलने ओली जाळी लावून इंजिन सुरू करायचं नाही.

इंजिनमधून काढलेलं जळकं तेल वाटीत ओतायची सवय सर्रास दिसते. त्यात आधीच काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ताजं तेल थोडंसंच लागतं, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आणि खूण म्हणजे खूणच. ‘जास्त तेल, जास्त सफाई’ असं होत नाही. तेल खुणेच्या वर गेलं की हवेबरोबर इंजिनमध्ये खेचलं जातं. डिझेल इंजिन तेलावरही चालतं. मग ते आपोआप वेग घेतं, बंद करायची दांडी ओढूनही थांबत नाही, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय असतो. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिथल्या चाचण्यांमध्ये ऑइल बाथमधलं तेल इंजिनकडे खेचलं जातं का, याची वेगळी तपासणी असते. इतका हा धोका खरा आहे.

काढलेलं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या.

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा कुठे करायचा?

फिल्टरवर येणारी धूळच कमी करता आली तर सगळ्यात स्वस्त. थ्रेशर पीटीओवर चालतो, त्यामुळे ट्रॅक्टर त्याच्यापासून लांब नेता येत नाही. पण सगळा संच कुठल्या दिशेला तोंड करून लावायचा हे आपल्या हातात असतं. मूठभर गुळी वर उडवून वारा बघायचा आणि थ्रेशरचा पंखा वाऱ्याच्या पाठीकडे भुसा फेकेल असं लावायचं. दुपारनंतर वारा फिरला तर पुढच्या सुडीला संच फिरवून लावायचा. पाच-दहा मिनिटं जातात आणि माणसांचे डोळेही वाचतात.

बॉनेटवरच्या प्री-क्लीनरच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्याकडे लक्ष असू द्या. हवा तिथे गोल फिरते आणि जाड धूळ बाजूला पडते. खुणेपर्यंत भरलं की ओतायचं. भरलेलं भांडं निरुपयोगी. त्याच्या जाळीवर गुळी चिकटते, ती हाताने काढायची. काही जण प्री-क्लीनरवर साडीचा तुकडा किंवा जुना पायमोजा बांधतात. गुळी आणि भुसा अडवायला पातळ कापड चालतं, पण तासा-दोन तासांनी झटकलं पाहिजे. जाड कापड बांधून विसरलात तर इंजिन घुसमटतं, काळा धूर सोडतं, डिझेल जास्त खातं. कापड ही फिल्टरला मदत आहे, फिल्टरच्या जागी कापड चालणार नाही.

ऑक्टोबर संपला की धोका टळला असंही नाही. नंतर पऱ्हाटीचा चुरा, गंगाखेड-पाथरीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा, फेब्रुवारी-मार्चला हरभरा आणि ज्वारीची मळणी, आणि एप्रिल-मे मध्ये नांगरट, रोटावेटर, गाळ वाहतूक. ट्रॉल्यांच्या रांगेत पुढच्या ट्रॉलीचा धुरळा मागचा ट्रॅक्टर पितो. तिथे अंतर ठेवण्याइतका स्वस्त उपाय नाही.

फिल्टर विकत घेताना

बाजारात डुप्लिकेट फिल्टर भरपूर आहेत आणि खोका बघून ओळखणं अवघड. फिल्टर हातात घेऊन बघायचं. टोकाचं रबर दाबून बघा, ते मऊ आणि लवचिक हवं. कडक प्लास्टिकसारखं असेल तर ते डब्याला टेकणार नाही. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, गोंद सगळीकडे लागलाय का, जुन्या मूळ फिल्टरच्या तुलनेत घड्या खूप कमी तर नाहीत ना. लावल्यावर सीलवर सगळीकडे सारखा ठसा उमटतो का ते बघा. बिल मागा. एअर फिल्टर शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत येतो. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम आणि मजुरी धरून इंजिनकाम काही दहा हजारांत जातं, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर भाडं बुडतं ते वेगळं. बँकेचा हप्ता थांबत नाही. वॉरंटीवरही फार विसंबू नका. देखभाल नीट न केल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि धूळ गेल्याच्या खुणा लायनरवर स्पष्ट दिसतात.

नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात घ्यावं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आहेत. या इंजिनांत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स जास्त असतं. तिथे तारेने आवळलेला होज आणि अंदाजाने निवडलेला फिल्टर चालणार नाही.

ड्रायव्हरला कुणी सांगितलंय का?

जिल्ह्यात मळणीचे बरेचसे ट्रॅक्टर भाड्याने फिरतात. मालक गावात, ड्रायव्हर शेतात. पोत्यावर किंवा एकरावर पैसे ठरलेले, त्यामुळे थांबलेलं प्रत्येक मिनिट ड्रायव्हरला नुकसानीचं वाटतं. वाटी बघायला लागणारी दहा मिनिटं त्याच्या हिशेबात धरलेली नसतात. इंजिन गेलं की मात्र ‘ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही’ असं होतं. ज्या मालकांनी पाळीमागे पंधरा मिनिटं ट्रॅक्टरसाठी धरली आहेत, वाटीचं तेल आणि एक जास्तीचा फिल्टर टूलबॉक्समध्ये ठेवला आहे, त्यांना ड्रायव्हरशी भांडायची वेळ कमी येते. एअर क्लीनर उघडल्याची तारीख आणि मीटरवरचे तास खडूने फेंडरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले, तर पाळी बदलल्यावर दुसऱ्यालाही कळतं.

आणि हंगाम संपल्यावर आखाड्यावर महिनाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू करण्याआधी एअर क्लीनर एकदा उघडून बघा. उंदरांना तो डबा फार आवडतो. ऊबदार, अंधारा, आणि घर करायला आयता कागद. त्यांनी फिल्टर कुरतडलेला असला तर बाहेरून काहीच दिसत नाही.